अडकलेली वेतनवाढ आणि सेवापुस्तकातली एक कोरी ओळ

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुलैची वेतनवाढ लागली नाही, तेव्हा कार्यालयात विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, तुमच्या रजेचा घोळ आहे." कसला घोळ, ते कोणी सांगेना. चार महिने नुसत्या तोंडी चकरा झाल्या, आणि त्यांचा कुठेच पुरावा नाही. ही चूक माझीच.

मग लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. तरी हालचाल नाही. शेवटी माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज केला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि मागणी एवढीच ठेवली: माझ्या सेवापुस्तकाची (नोकरीतल्या रजा, वेतनवाढ अशा नोंदींचं कार्यालयातलं पुस्तक) पाहणी आणि रजेच्या पानांच्या प्रती. "वेतनवाढ का नाही?" असं विचारलं नाही, कारण या कायद्यात कागद मागायचा असतो, खुलासा नव्हे. उत्तराची मुदत 30 दिवस.

पाहणीला बसले तर वैद्यकीय रजेच्या ओळीत पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, आदेश क्रमांकाची जागा कोरी आणि सही नाहीच! रजा मंजुरीचा आदेश माझ्या फाइलमध्ये होता. त्याची प्रत जोडून नोंद घेण्याचा आणि फरकाच्या रकमेचा अर्ज दिला. नोंद झाली आणि दोन महिन्यांनी फरकही पगारात आला.

आता दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, घरी ठेवते आणि दरवर्षी मूळ पुस्तकाशी ताडून पाहते. निवृत्तीच्या तोंडावर अशी कोरी ओळ सापडली, तर पेन्शनच अडकते.