अनोळखी कुलूप हातात आलं की

जुन्या बाजारात एखादं वेगळं कुलूप मिळालं, तर घरी आल्या आल्या ते चिंचेच्या कोळाने घासू नका. मी घासलं होतं. रविवारी सकाळी मंगळवार पेठेतून आणलेलं ते पितळी कुलूप होतं आणि कडीच्या बुडाशी बारीक कोरलेला आकडा होता. कुलूप लखलखीत झालं, आकडा मात्र गेला. पंधरा वर्षं झाली, ते कुलूप कुणी बनवलं, कधी बनवलं, मला अजून कळलेलं नाही. आकडा गेल्याचं दुःख मला आजही होतं. म्हणून आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, टॉर्च आडवा धरून अक्षरं वाचा, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल तिरपी फिरवा आणि ठसा उतरवून घ्या. तेल, रॉकेल, पॉलिश सगळं नंतर.

भोसरीतल्या कारखान्यात मी ३१ वर्षं तपासणी खात्यात होतो. त्या सवयीने मी नावाआधी किल्ली बघतो. नावात एका अक्षराची चलाखी करून केलेली कुलपं भरपूर सापडतात. किल्लीला तसं खोटं बोलता येत नाही.

किल्लीला दातांऐवजी स्क्रूसारखे आटे असतील, तर ते आपल्याकडचं जुनं पेचाचं कुलूप, लिव्हरचं (आत झुलत्या पट्ट्या असलेलं) नव्हे. किल्ली नुसती आत ढकलायची असेल, तर आतल्या पसरलेल्या पट्ट्या दाबून उघडणारं. हे दोन्ही बाजूला ठेवा, इथे लिव्हरचीच कुलपं बघायची आहेत. किल्लीच्या दांड्याच्या टोकाला चपटं पान असेल आणि त्या पानाला चढ-उतार, म्हणजे दात असतील, तर पुढे चला.

लिव्हर म्हणजे एका खिळ्यावर झुलणाऱ्या चपट्या पट्ट्या. प्रत्येकीत एक खाच असते, आणि बोल्टावर, म्हणजे कुलपाच्या सरकत्या दांडीवर, एक खुंटी. किल्लीचा एकेक दात आपली पट्टी नेमकी तेवढीच उचलतो, सगळ्या खाचा एका रेषेत येतात, खुंटी आत शिरते, बोल्ट सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडतं आणि जास्त उचलली तरी अडतं. ही 'जास्त उचलली तरी अडतं' ची कल्पना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ साली पेटंट केली. त्याआधीच्या साध्या कुलपात पट्टी पुरेशी उचलली की काम भागायचं. सगळी लिव्हर कुलपं या एका सुधारणेची लेकरं आहेत.

तेव्हा दात मोजा. त्यातला सहसा एक दात बोल्ट ढकलण्यासाठी असतो. तो वजा केला की लिव्हर किती ते साधारण कळतं. पानाची उंची, जाडी आणि दांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या. दातांची रचना मधोमध आरशासारखी सारखी असेल, तर कुलूप दाराच्या दोन्ही बाजूंनी उघडणारं. दांड्याच्या दोन्ही अंगांना पानं असतील, तर बहुधा तिजोरीचं. लांब दांडा मधे दुमडतो किंवा पानाचा तुकडा फिरकीने सुटा होतो, तर जाड दाराच्या तिजोरीचंच.

मग किल्लीच्या भोकात टॉर्च मारा. मधोमध खिळा उभा असेल, तर किल्ली पोकळ दांड्याची हवी. पट्ट्यांच्या कडा थेट दिसतात का? की फट असलेला गोल पितळी पडदा आड येतो? पडदा किल्लीबरोबर फिरतो आणि दुसरं हत्यार आत शिरू देत नाही. चांगल्या कारागिराची ती खूण आहे.

आता नाव. जुन्या ब्रिटिश मालावर हिऱ्याच्या आकाराचा शिक्का दिसला, तर ती डिझाइनची नोंद १८४२ ते १८८३ मधली. वरच्या गोलात रोमन आकडा एक (I) असेल, तर वर्ग धातूचा. १८८४ पासून हिरा गेला, नुसता नोंदणी क्रमांक आला. इंग्लंडमधल्या चब कंपनीच्या कुलपावर क्रमांक असतो, तो जसाच्या तसा उतरवून घ्या. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं करायला घेतली. त्यामुळे त्या नावाचं कुलूप कुणी 'शंभर-दीडशे वर्षांचं' म्हणून विकू लागला, तर हे साल डोक्यात ठेवा.

चबचं डिटेक्टर कुलूप ओळखता आलंच पाहिजे. जेरेमाया चब यांनी ते १८१८ मध्ये केलं. परकी किल्ली घालून एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली, की आतला खटका अडकतो आणि मग खरी किल्लीही फिरत नाही. मालकाला कळतं, कुणीतरी प्रयत्न केलाय. १८२४ पासूनच्या कुलपात खटका सोडवायला वेगळी किल्ली लागत नाही. खरी किल्ली आधी उलट, म्हणजे बंद करायच्या दिशेने फिरवायची, मग नेहमीसारखी उघडायची.

कसब्यातला एक वाडा पाडायला निघाला तेव्हा तिथल्या तिजोरीचं हेच झालं होतं. वाड्याच्या मालकांचा नातू म्हणाला, "काका, किल्ली बिघडलीय, ड्रिल मारतो." मी त्याला थांबवलं. पोरांनी आधी घरातल्या चार किल्ल्या घालून पाहिल्या होत्या. मूळ किल्ली हळूच बंदच्या दिशेने दाबली, एक बारीक 'टक' आला, मग दार उघडलं. आत भाडेपावत्यांचे गठ्ठे होते. नातवाने ते उन्हात नेऊन एकेक पावती वाचायला घेतली.

ड्रिलचं पुन्हा सांगतो, मारू नका. जुन्या तिजोऱ्यांच्या भिंतींत आगीपासून बचावाचं सारण असतं, काहींत अ‍ॅस्बेस्टॉसही. नव्या तिजोऱ्यांत कुलपावर घाव पडला की दुसरा बोल्ट पडतो आणि काम दुप्पट वाढतं. अंकांच्या चकतीच्या तिजोरीतही चकतीवरचं नाव, गाव आणि अंक किती ते लिहून घ्या. आत शिरायचं कारण नाही.

तिजोरी वापरात असेल, तर किल्लीच्या पानाचा सरळ फोटो कुणालाही पाठवू नका. चांगला कारागीर फोटोवरून किल्ली घासू शकतो. दात बोटाने झाका, पूर्ण मापं फक्त स्वतःच्या वहीत ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक कुलपाला एक पान आहे: वरती पेन्सिलचा ठसा, खाली मापं, आणि कुठून, कोणत्या दिवशी, कुणाच्या घरातून आलं ते. त्या घासलेल्या कुलपाच्या पानावर ठशाची जागा मी रिकामी ठेवली आहे.