लुंबिनीला जाताय? सोनौलीची सीमा ओलांडण्याआधी हे बघा

दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन लुंबिनीला निघणाऱ्या नागपूरकरांना गोरखपूरमार्गे सोनौलीची सीमा सोयीची पडते. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा. नुसत्या आधारवर विसंबू नका. स्वतःची गाडी असेल तर पलीकडे बेलहियाला भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून गाडीचा परवाना काढावा लागतो. रांग मोठी असते. सोबत म्हातारी माणसं असतील तर सकाळीच पोहोचा, उन्हात त्यांचे फार हाल होतात. शंभराच्या नोटा भरपूर घ्या. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे. कोणी फारच कमी देत असेल तर सरळ पुढच्या दुकानात विचारा.