किडनीवाल्या बोक्याला फॉस्टर घर कसं शोधायचं

शेल्टरमधलं पिल्लू असलं की फोटो टाकल्या टाकल्या मेसेज येतात, पण आठ-नऊ वर्षांचा बोका आणि त्यात किडनीचा पेशंट म्हटलं की सगळे "सो सॅड" लिहून पुढे जातात, फॉस्टर म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर काही मिळत नाही. माझं मत विचाराल तर लोक आजाराला तेवढं घाबरत नाहीत, घाबरतात ते खर्च किती येईल आणि हे किती दिवस चालणार याला, आणि आपण पोस्टमध्ये नेमकं हेच दोन्ही लिहीत नाही. "कृपया वाचवा, वेळ कमी आहे" असलं लिहून लाईक मिळतात, घर मिळत नाही.

म्हणून आधी व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, सगळं नीट लिहून घ्या. किडनीचा आजार नुसता "किडनी फेल" असा सांगू नका, त्याच्या चार स्टेज असतात आणि स्टेज 2 मधली मांजरं नीट काळजी घेतली तर बऱ्याचदा वर्षानुवर्षं मजेत जगतात, स्टेज 4 ची गोष्ट वेगळी. क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचा रिपोर्ट, वजन, काय खातो, कुठली गोळी, सलाईन लागतं का, लागत असेल तर किती आणि किती दिवसांनी, हे सगळं एका पानावर मराठीत. आणि एफआयव्ही, म्हणजे मांजरांमधला एचआयव्हीसारखा विषाणू, असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण नाव ऐकूनच लोक पळतात. तो माणसाला होत नाही आणि मांजरांतही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, त्यामुळे भांडण न करणाऱ्या मांजरांबरोबर असं मांजर बहुतेक वेळा राहू शकतं. फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांचा दुसरा विषाणू मात्र लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीत खाण्यापिण्यातून पसरतो, तिथे घरात दुसरं निरोगी मांजर नको.

आता पोस्ट. साधारण अशी लिहा: "बोका, वय अंदाजे 9, नसबंदी आणि लसीकरण झालेलं, किडनी स्टेज 2. एक दिवसाआड 100 मिली सलाईन कातडीखाली, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आम्ही शिकवू. औषधं, रीनल फूड (किडनीच्या मांजरांचं खास खाणं) आणि व्हेटचा खर्च शेल्टरचा. आत्ता 2 महिन्यांसाठी हवंय, नंतर जमलं नाही तर आम्ही परत नेऊ." बास. सोबत सलाईन लावलेला रडका फोटो नको, उन्हात पाय ताणून पडलेला फोटो टाका, आणि जमलं तर सलाईन देतानाचा छोटा व्हिडिओ, ज्यात बोका निवांत बसलाय. तो व्हिडिओ बघून निम्मी भीती जाते.

पोस्ट कुठे टाकायची तर मांजरप्रेमींच्या ग्रुपवर टाकाच, पण तिथे सगळ्यांची घरं आधीच भरलेली असतात हो. ज्यांच्याकडे रुटीन आहे अशी माणसं शोधा. रिटायर झालेलं जोडपं, घरून काम करणारे, नर्स, फार्मसीवाले. डायबेटिसवालं मांजर असेल तर ज्यांच्या घरी आजोबांना रोज इन्सुलिन दिलं जातं ते लोक सुईला अजिबात बिचकत नाहीत, आणि दर बारा तासांनी इंजेक्शन म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त एक गोष्ट त्यांनाही ठासून सांगा, आपल्याकडे 40 युनिटची लाल टोपीची सिरिंज असते आणि 100 युनिटची केशरी टोपीची, ज्या इन्सुलिनला जी आहे तीच वापरायची, अदलाबदल झाली तर डोस पार चुकतो.

कोणी तयार झालं की लगेच मांजर हातात देऊ नका. व्हिडिओ कॉलवर घर बघा, खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का (कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, तारेची बरी), आणि घरातल्या सगळ्यांशी बोला. मुलगी हो म्हणते आणि सासूबाईंना पत्ताच नसतो असं सर्रास होतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारलंय का तेही.

मग त्यांना शेल्टरमध्ये बोलवा आणि त्यांच्याच हातांनी सलाईन द्यायला लावा. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतपत करायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, दर वेळी नवी सुई. दिल्यावर पाठीवर फुगा येतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. हे आधी सांगितलं नाही तर रात्री अकराला घाबरलेला फोन येणार म्हणजे येणार. लघवीचे मोठे मोठे गोळे लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूत, दिसतील, पाणी जास्त पिईल, तेही सांगून ठेवा.

कधी ताबडतोब फोन करायचा हे फ्रिजवर चिकटवून ठेवायला द्या: दिवसभर काहीच खाल्लं नाही, सारखी उलटी, बोका लघवीला बसतोय पण होत नाही. आणि मोठ्या अक्षरात, क्रोसिन किंवा घरातली कुठलीही माणसांची गोळी द्यायची नाही, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

कागदावर चार ओळी लिहून सह्या घ्या. मालकी शेल्टरची, इमर्जन्सीत कोणत्या व्हेटकडे जायचं, किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, आणि अवघड विषय म्हणजे शेवटचा निर्णय, त्रास फार वाढला तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का, तो कोण घेणार. तो विषय काढायला जीभ अडखळते पण काढा, तो शेल्टर आणि व्हेट मिळून घेतील आणि मांजर तुमच्याकडे असताना दगावलं तरी कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, हे ऐकून उलट लोकांचं टेन्शन उतरतं.

पाठवताना तेच लिटर, तेच खाणं आणि त्याच्या वासाचं फडकं बरोबर द्या, पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायला सांगा, पलंगाखाली दडून बसला तर ओढून काढू नका म्हणावं, खातोय तोवर बसू दे. आठवड्यातून एकदा वजन, आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग त्याला घेऊन.

आणि बॅकअप फॉस्टर पहिल्याच दिवशी ठरवा, कारण मे महिन्यात आणि दिवाळीत लोक गावाला जातात आणि सलाईन देता येणारा शेजारी आयत्या वेळी मिळत नाही. त्या बॅकअपलाही एकदा शिकवून घ्या. कोणी दोन महिन्यांनी "आता नाही जमत" म्हणालं तर न कुरकुरता परत घ्या, तीच माणसं पुढच्या सुट्टीत आठवडाभरासाठी दुसरं मांजर सांभाळायला तयार होतात.