सोलापुरात रोजच्या वापराची सायकल : जुळवणी आणि निगा

सोलापूर हे सायकलसाठी सोयीचे शहर आहे. शहरात मोठे चढ नाहीत, पाऊस बेताचा असतो, आणि जुळे सोलापुरातून नवी पेठेत किंवा अशोक चौकातून पार्क चौकात सावकाश गेले तरी अर्ध्या तासात पोहोचता येते. तरीही हौसेने घेतलेल्या पुष्कळ सायकली दोन-चार महिन्यांत जिन्याखाली जाऊन उभ्या राहतात. त्याचे कारण बहुतेक वेळा आळस हे नसते. टायरमध्ये हवा कमी असते, चेन कोरडी पडलेली असते, सीट प्रमाणापेक्षा खाली असते. त्यामुळे सायकल जड चालते आणि चालवणाऱ्याला वाटते की आपल्याच पायांत बळ उरलेले नाही. गेली अनेक वर्षे मी कामावर जाणे-येणे आणि घरचा बाजार सायकलवरच करतो. त्या अनुभवावरून सांगतो की हवा, चेन आणि ब्रेक या तीन गोष्टी ज्याने स्वतःच्या हातात घेतल्या, त्याची सायकल कधी पडून राहत नाही. बाकीची कामे मेस्त्रीकडून वर्षातून एकदा करून घेतली तरी पुरते.

निवडीपासून सुरुवात करू. सायकल दिसायला साधी असली तरी चालेल, पण तिला पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनकव्हर, मजबूत कॅरिअर आणि भक्कम स्टँड हवेच. गिअरच्या सायकलीबद्दल अनेक जण विचारतात. रेल्वेवरचे पूल सोडले तर गिअर बदलावा असा चढ शहरात क्वचितच लागतो, आणि मागच्या चाकाजवळ लोंबणारी गिअरची यंत्रणा धूळ व चिखल धरते, ती सारखी जुळवावी लागते. म्हणून रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेरीसाठी बिनगिअरचीच सायकल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी सायकल घेत असाल तर चिमटा (पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग) आणि सांगाड्याचे जोड नीट पाहावेत. जोडाजवळ रंगाला चीर गेलेली दिसली किंवा तिथे गंजाची रेघ उमटलेली असली, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती सायकल घेऊ नये.

माप पाहण्यासाठी सायकल दोन पायांत घेऊन, पाऊल सपाट टेकवून उभे राहावे. वरचा दांडा आणि शरीर यांत दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चालवायची असेल तर उतरत्या दांड्याची सायकल घ्यावी आणि मागच्या चाकाला साडीगार्ड लावून घ्यावा.

सीटची उंची ठरवताना भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. या वेळी गुडघा सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, आणि तोच योग्य असतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट पार खाली ठेवण्याची सवय आहे. गुडघे दुखतात ते बहुधा त्यामुळेच. सवय नसेल तर सीट एकदम वर न घेता दर चार दिवसांनी बोटभर वर घ्यावी. सीटच्या दांडीवर कमाल उंचीची खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये; खूण नसल्यास दांडी किमान अडीच इंच आत राहील असे पाहावे. सीट जमिनीशी समांतर असावी आणि हँडल सीटच्या पातळीत किंवा तिच्याहून किंचित वर असावे.

हवा

आठवड्यातला एक वार हवेसाठी ठरवून टाकावा. मी सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी हवा भरतो. घरी पायाने दाबून धरायचा, दाब दाखवणारा उभा पंप असला तर फार सोयीचे होते. टायरला किती हवा हवी ते टायरच्या कडेवरच छापलेले असते. त्या आकड्याच्या वर जाऊ नये, आणि मागचे चाक जास्त वजन घेते म्हणून त्यात पुढच्यापेक्षा थोडी अधिक हवा ठेवावी. दाब पाहण्याची सोय नसेल, तर अंगठ्याने टायर जोरात दाबून पाहावे. मागचा टायर जेमतेम दबला पाहिजे. हवा कमी असलेल्या टायरवरून खड्ड्यात चाक गेले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला सापाने डसल्यासारखी दोन भोके शेजारीशेजारी पडतात.

उन्हाळ्यात हवा जास्त भरली की उन्हात टायर फुटतो, या भीतीने काही लोक चैत्र-वैशाखात अर्धवट हवेवर सायकल चालवतात. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. सकाळी २५ अंश तापमान असताना ५० पौंड हवा भरली आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या टायरच्या आतले तापमान ६० अंशांपर्यंत गेले, तरी दाब ५८ पौंडांच्या आसपासच पोहोचतो. चांगला टायर तेवढा दाब सहज सोसतो. फुटतो तो बहुतेक वेळा कडेला चिरलेला, उन्हाने तडकलेला किंवा रिमवर नीट न बसलेला जुना टायर, आणि चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते. तेव्हा हवा पुरेशीच ठेवावी, टायरच्या कडा महिन्यातून एकदा न्याहाळाव्यात आणि सायकल सावलीत लावावी.

साध्या सायकलीच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. आपल्या उन्हाने ती लवकर चिकट होते व फाटते. रात्री भरलेली हवा सकाळी निघून गेलेली असेल आणि काटा मात्र कुठेच सापडत नसेल, तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून बुडबुडा येतो का ते पाहावे. त्या नळीचा वीतभर तुकडा घरात ठेवला तर दोन वर्षे पुरतो.

काटा

सोलापुरात सायकलचा खरा शत्रू वेडी बाभूळ. मोकळे प्लॉट, नाल्यांचे काठ, रेल्वे रुळांच्या कडा, जिथे जमीन ओस पडली तिथे ती उगवते, आणि तोडलेल्या फांद्या ओढत नेल्या की रस्त्याच्या कडेला काटे सांडत जातात. हा काटा टायरमध्ये शिरून मोडतो. टोक आत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ट्यूबला ठिगळ लावून घाईने चाक चढवणाऱ्याचे चाक दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा बसते, आणि दोष मात्र ठिगळाला जातो.

पंक्चर काढायला घेण्यापूर्वी व्हॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते लक्षात ठेवावे. टायरची एकच बाजू लिव्हरने रिमवरून उतरवावी. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, त्याने ट्यूबला नवे भोक पडते. ट्यूब बाहेर काढून हवा भरावी आणि बादलीतल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवावी. बुडबुडे जिथून येतात ती जागा टायरच्या त्या अक्षराशी ताडून पाहिली की काटा टायरमध्ये साधारण कुठे असणार ते कळते. आता जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा बोटांना गुंडाळून टायरच्या आतून हळूहळू गोल फिरवावा. टॉवेलचे धागे काट्याच्या टोकाला अडकतात, बोटाला टोचत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारा तिळाएवढा काटाही जागेवर सापडतो. तो बारीक पकडीने किंवा नखे काढण्याच्या कटरने धरून ओढावा. एक सापडला म्हणून थांबू नये. पूर्ण चक्कर मारावी. मला एकदा एका टायरमध्ये चार काटे मिळाले होते, आणि त्यांतल्या एकानेच ट्यूब गाठली होती.

ठिगळ लावताना ट्यूब कोरडी करावी, भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासावी आणि ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्यावा. मग पाच मिनिटे थांबावे. बहुतेकांचे ठिगळ सुटते ते इथे घाई केल्यामुळे. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. बोट लावून पाहिल्यास बोटाला काही लागू नये इतके ते सुकले, की ठिगळ मध्यापासून कडेकडे जोराने दाबत बसवावे. टायर परत चढवताना शेवटचा भाग अंगठ्यांनी व्हॉल्व्हच्या जागी चढवावा, आणि पूर्ण हवा भरण्यापूर्वी ट्यूब कुठे चिमटलेली नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहावे.

चेन आणि ब्रेक

आपल्या धुळीत चेनला तेल जास्त झाले तरी नुकसानच होते. बाहेरून ओली दिसणारी चेन धूळ ओढून घेते, आणि तेल व धूळ मिळून झालेला काळा लेप पॉलिश पेपरसारखा धातू खात राहतो. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून लावू नये, त्यात धातूचा कीस असतो. खाण्याचे तेल काही दिवसांत चिकट होते. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा चेन फडक्याने पुसावी आणि शिलाई मशिनचे तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब सोडावे. पायडल उलटे फिरवत तेल आत मुरू द्यावे, दहा मिनिटांनी बाहेरचे सर्व तेल पुसून टाकावे. पावसाळ्यात पातळ तेल वाहून जाते, तेव्हा इंजिनाचे नवे, न वापरलेले ऑइल असेच थेंबाथेंबाने द्यावे.

चेन झिजली की लांबते. पट्टी घेऊन एका पिनेच्या मध्यापासून, ती पिन सोडून पुढच्या २४व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. चेन नवी असताना हे अंतर बरोबर १२ इंच भरते. ते बारा आणि सव्वाबारा इंचांच्या मधोमध, म्हणजे १२⅛ इंचांवर गेले, तर चेन बदलावी, नाहीतर ती फ्रीव्हील (मागचे दातेरी चक्र) आणि चेनव्हील (पायडलजवळचे मोठे चक्र) यांचे दातेही खाते आणि खर्च तिप्पट होतो. चेन मध्यावर बोटाने वर-खाली केली असता सुमारे अर्धा इंच हलली पाहिजे. पायडल पूर्ण फिरवत तीन-चार ठिकाणी हे पाहावे, कारण चेनव्हील किंचित आउट, म्हणजे वाकडे फिरणारे, असले तर एका जागी सैल चेन दुसऱ्या जागी तंग होते.

ब्रेकचे रबर रिमवरच लागले पाहिजे, टायरला कधीही नाही. दोन्ही बाजूंची रबरे एकाच वेळी टेकावीत, आणि लिव्हर पूर्ण दाबल्यावरही हँडलपासून दोन बोटे दूर राहावा. रबरात रुतलेले खडे महिन्यातून एकदा टोचून काढावेत.

सामान

गिरणीत नेण्याची दहा किलो ज्वारी, कस्तुरबा मंडईतली भाजी, दूध, औषधे हे सर्व सायकलवर सहज येते, मात्र वजन मागे आणि मध्यभागी असावे. हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवण्याची सवय वाईट. वळताना त्या चाकाच्या तारांत जातात. दोरीपेक्षा जुनी ट्यूब लांबीने कापून केलेली पट्टी उत्तम, ती ओझ्याला घट्ट धरते आणि दचक्याने सैल होत नाही. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३० किलोंच्या आसपास जातो. तो कॅरिअरवर नीट बांधला असला तरी सायकल हातात धरून चालतच न्यावा, कारण तेवढे वजन उंचावर असताना ब्रेक दाबला की सायकल सावरता येत नाही.

आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि नव्या वसाहतींतल्या कच्च्या रस्त्यांवरची काळी माती तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट भरते की चाक फिरेनासे होते. अशा वेळी जोर लावून सायकल ढकलू नये. उतरून काटकीने माती काढावी. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवावी, पण सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर मारू देऊ नये. तो ग्रीस धुऊन नेतो आणि छर्ऱ्यांना गंज चढतो.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी शहराबाहेरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या लागतात, आणि पुणे–हैदराबाद महामार्गाची जड वाहतूक तर बारमाही असते. मागे तांबडा दिवा आणि रिफ्लेक्टर, पुढे पांढरा दिवा आणि पायडलना पिवळे रिफ्लेक्टर लावल्याखेरीज अंधारात निघू नये.

वर्षाची मोठी दुरुस्ती मी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात करून घेतो. पूजेसाठी सायकल धुतली जातेच, तेव्हा दोन्ही चाकांचे, चिमट्याचे आणि पायडलच्या अ‍ॅक्सलचे छर्रे काढून नवे ग्रीस भरून घ्यावे, आणि चाकांचा आउट काढून घ्यावा. दुकानात शक्यतो थांबून काम पाहावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि हे नव्या मुलाला माहीत नसल्यामुळे एका दुकानात माझ्या सायकलीचे पायडल जोराने चुकीच्या दिशेने पिळले गेले. आटे गेले आणि क्रँकच (पायडल ज्यावर बसते तो दांडा) बदलावी लागली. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घट्ट होते, डावे त्याच्या उलट. काम झाल्यावर आठवडाभर चालवून चाकांचे नट, क्रँकची कॉटर पिन (क्रँक अ‍ॅक्सलवर घट्ट धरणारी पाचर) आणि दोन्ही पायडले पुन्हा एकदा पान्याने तपासावीत, कारण नव्याने बसवलेले भाग याच दिवसांत थोडे सैल होतात.