अपडाऊनवाल्यांसाठी मोबाइलवरचे पत्ते

अमळनेर-जळगाव अपडाऊन करत असाल तर सुरुवात 'मार्व्हल स्नॅप' या पत्त्यांच्या गेमने करा. डेक (खेळायला निवडलेला आपला पत्त्यांचा संच) 12 पत्त्यांचा, डाव सहसा सहा फेऱ्यांचा. धरणगाव सुटल्यावर लावला तर पाळधीच्या आत निकाल लागतो. रेंज गेली की डाव गेला, हे धरूनच चाला.

डोकं लावायची हौस असेल तर 'हर्थस्टोन'. 2014 चा गेम, डेक 30 पत्त्यांचा. जिंकण्यापेक्षा डेक जुळवण्यातच खरी चंगळ. मी तर रात्री जेवल्यावर नुसता डेक लावत बसतो. मात्र डस्टचा, म्हणजे नको ते पत्ते मोडून मिळणाऱ्या आणि नवे घडवायला लागणाऱ्या भुकटीचा हिशोब आधी समजून घ्या भाऊ. साधा लेजेंडरी (सगळ्यात दुर्मिळ प्रकारचा) पत्ता मोडला तर 400 डस्ट मिळते, नवा घडवायला 1600 लागते. चार मोडा तेव्हा एक! आमच्या जळगावचा सराफ मोडीत एवढी घट कधी धरणार नाही. म्हणून सुरुवातीला काहीच मोडू नका. एकच क्लास (ज्याचे खास पत्ते असतात असा योद्ध्याचा प्रकार) धरा, त्याचेच पत्ते जमवा.

पॅक, म्हणजे गेममध्ये मिळणारी पत्त्यांची बंद पाकिटं, फोडायची चटक वाईट. आत काय निघेल ते नशिबावर, आणि निघालेला पत्ता विकता येत नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला की सगळा संग्रह गेला. घरात पोरं असतील तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू करा, यूपीआयचा पिन सांगू नका.

आणि मे महिन्यात चार्जिंगला लावून खेळू नका. आपल्याकडच्या उन्हात फोन आधीच तापलेला असतो.