कॉइल जाळण्याआधी वात बघा: रीबिल्डेबल व्हेपमध्ये या चुका टाळा

रीबिल्डेबल व्हेप म्हणजे जिची कॉइल आणि कापूस आपणच बदलतो ती ई-सिगारेट. तिच्या झुरक्याला करपलेल्या काकवीची चव आली की आपण लगेच कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, खापर फोडतो आणि ती लालबुंद तापवायला घेतो. पण समई मंद झाली तर आपण आधी वात सारतो, पितळ घासायला बसत नाही. इथेही तसंच करायचं. बहुतेक वेळा तार धडधाकट असते, तिच्यापर्यंत लिक्विड नेणारा कापूस, म्हणजे इथली वात, मेलेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे, तेव्हा सुट्टीत घरी जाताना हे सामान बॅगेत टाकू नका. मी लिहितोय ते ब्रिटनमधल्या, सिगारेट सोडून इकडे वळलेल्यांसाठी. ज्याने कधी ओढलीच नाही त्याने यात पडायचं कारण नाही. १ जून २०२५ ला इथे वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली, तेव्हापासून ओळखीतले दोघं-तिघं कॉइल स्वतः गुंडाळायला लागलेत. खालचे घोळ त्यांचे, आणि थोडे माझेही.

पहिला तर माझाच. कापसाचा एक तुकडा आत राहिला होता आणि मी बटण दाबलं. भस्सकन पेटला. कापूस पूर्ण काढा, बॅटरी जोडण्याआधी कॉइलच्या आरपार बघून घ्या, आणि हे काम खिडकीजवळ करा. निघणारा धूर ओढायचा नसतो.

दुसरी चूक घाईची: रोजच्याच ६०-७० वॉटवर कोरडी कॉइल तापवायची. लिक्विड नसलं की उष्णता ओढून घेणारं काहीच उरत नाही आणि तार क्षणात पांढरी पडते. १५-२० वॉटवर एकेक सेकंदाच्या टिचक्या द्या. कॉइल मधून तापत कडेला गेली पाहिजे. एखादाच वेढा आधी चमकला, तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच सारखे करा. मंद लाली दिसली की पुरे, तारेवर साचलेला साका तेवढ्यात जळून राख होतो.

हे कँथल, नायक्रोम आणि जपून स्टीलच्या तारेला चालतं. निकेल आणि टायटॅनियम लाल होईपर्यंत कधीच तापवू नका. टायटॅनियमवर पांढरट ऑक्साइड धरतं, ते छातीत जायला नको, आणि फार तापलं तर तार पेटूही शकते. तार कोणती तेच आठवत नसेल तर तापवूच नका.

लाल कॉइल नळाखाली धरली की ‘चुर्र’ आवाज येतो आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. पण तार ठिसूळ होते, क्लॅप्टन कॉइलमध्ये जाड तारेभोवती गुंडाळलेली बारीक तार तर आधी. थंड होऊ द्या, अ‍ॅटोमायझर (कॉइल असलेला वरचा भाग) मॉडवरून (खालच्या बॅटरीच्या भागावरून) काढा, मग कोमट पाणी आणि मऊ ब्रश. डेक, म्हणजे कॉइल स्क्रूने जिथे बसते तो तळ, पूर्ण वाळल्याशिवाय परत जोडायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलंत तर ते उडून जाईपर्यंत बटणाला हात लावू नका.

आता ओहम, म्हणजे कॉइलचा विद्युतरोध, जो कुणी बघतच नाही. कॉइल गार असताना मोजा. ०.३० होतं ते ०.२२ झालं, तर वेढे एकमेकांत गुंतलेत किंवा पाय (तारेचं टोक) डेकला टेकतोय. आकडा नाचत असेल तर स्क्रू ढिला आहे. नियंत्रित (आत सर्किट असलेला) मॉड अशा वेळी बहुधा बंद तरी पडतो, सर्किट नसलेल्या मेकॅनिकल मॉडला मात्र काही कळत नाही. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट, कॉइल ०.२ ओहम, म्हणजे २१ अँपिअर. शॉर्ट होऊन ०.१४ झाली की ३०. तुमची बॅटरी तेवढा प्रवाह सलग देऊ शकते का, हे तिच्या वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यांवरून ठरवू नका.

शेवटी वात. ठासून भरली तर लिक्विड चढत नाही आणि घसा जळतो, सैल राहिली तर टाकी गळते. कॉइलमधून ओढताना किंचित अडावी, पण कॉइल जागची हलू नये. आणि साफसफाई दर दोन दिवसांनी करावी लागत असेल तर बाटलीवर सुक्रॅलोज (कृत्रिम गोडवा) शोधा. गोड लिक्विडचा थर कुठलीच तार फार दिवस सोसत नाही.

साफ करूनही एकच वेढा आधी चमकतो, तारेवर खड्डे दिसतात? पाय कापा आणि नवी गुंडाळा, वीतभर तारेचं ते काम.