थर्माकोलच्या सर्फबोर्डवर कापडाखाली बुडबुडे येत असतील तर: माझा अनुभव

लक्षण असं: सोलापूरच्या उन्हाळ्यात ईपीएस थर्माकोलच्या ब्लँकवर (ज्यातून बोर्ड घडवतात तो ठोकळा) फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिन लावलं, की थोड्या वेळात कापडाखाली बारीक बुडबुडे. वाळल्यावर घासले की थेट थर्माकोलपर्यंत भोक, आणि तिथूनच पुढे पाणी शिरतं.

हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य) बदलला, रोलर जास्त फिरवला, हेअर ड्रायर मारला. ड्रायरने एक फोड फुटायचा, शेजारी दोन उठायचे. तारकर्लीची ऑर्डर अडकलेली, जीव मेटाकुटीला आला होता.

दोष रेझिनचा नव्हता. थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटींत हवा असते. तापमान 10 अंशांनी वाढलं की ती सुमारे 3 टक्के फुगते आणि ओल्या रेझिनमधून बाहेर पडते. सकाळी लावलेला थर नेमका चढत्या उन्हात सापडतो.

आता क्रम. शेपिंगनंतर धूळ हवेने उडवा. इपॉक्सीत मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून श्रीखंडाइतकं दाट कालवा, स्क्वीजीने (रबरी पट्टीने) फटी बुजवा. वर थर ठेवू नका, बोर्ड उगाच जड होतो. कडक झाल्यावर पॉलिश पेपरचा हलका हात. ब्लँक दिवसभर शेडमध्येच, सावलीत राहू द्या. संध्याकाळी दारं-खिडक्या उघडा आणि तापमान उतरू लागलं की मगच कापड भिजवा. आता हवा आकसते, रेझिन आत ओढलं जातं. रेझिन थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये ते तापून लवकर घट्ट होतं. सकाळी ऊन चढायच्या आत थर कडक व्हायला हवा, त्यामुळे फार स्लो हार्डनर नको.

त्यानंतर एकही भोक नाही. पॉलिस्टर रेझिन मात्र ईपीएसवर वापरूच नका, थर्माकोल विरघळतं.